आरशासारखा चमकवला म्हणून कॉनरॉड टिकत नाही

"कंपनीचे रॉड आरशागत पॉलिश करा, फाउंड्रीत शॉट मारून आणा, एआरपीचे बोल्ट टाका आणि पाना जाईल तेवढे आवळा. ८००० आरपीएमला पण काय होत नाही. बजेट असेल तर थेट ॲल्युमिनियम रॉड, विषय संपला." हा मजकूर सध्या कोल्हापुरातल्या ड्रॅगवाल्यांच्या, म्हणजे सरळ रेषेत गाड्यांची शर्यत लावणाऱ्यांच्या, ग्रुपवर फिरतोय. रॉड म्हणजे कॉनरॉड, पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा; एआरपी ही रेसिंगचे बोल्ट बनवणारी कंपनी. त्यातलं बोल्ट बदलायचं तेवढं बरोबर आहे. बाकीचं एकेक बघू.

आधी रॉड तुटतो कशाने? एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी पिस्टन वर पोचतो तेव्हा त्याला खाली ढकलायला गॅसचा दाब जवळजवळ नसतो. त्याला थांबवून परत खाली ओढायचं काम रॉड आणि त्याच्या खालच्या टोकाची कॅप धरणारे दोन बोल्ट करतात. हा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ६००० वरून ८००० ला गेलात की आरपीएम एक तृतीयांशाने वाढतात, ताण मात्र १.७८ पट होतो. टर्बोने जादा हवा कोंबली (बूस्ट) किंवा नायट्रस वायू सोडला की वेगळंच दुखणं असतं: ज्वलनाचा दाब वाढतो आणि रॉड वाकतो. त्यामुळे आरपीएमवर पळणाऱ्या इंजिनाला आधी हलका पिस्टन आणि उत्तम बोल्ट लागतात, बूस्टवाल्याला जाड बीम, म्हणजे रॉडचा मधला भाग. बीमचा छेद आय आकाराचा (आय-बीम) की एच आकाराचा (एच-बीम) हा वाद त्यानंतरचा. ४३४० हे मिश्रधातूचं पोलाद किंवा त्याच्या जवळचं आपलं ईएन-२४, नीट हीट ट्रीटमेंट झालेलं असेल, तर दोन्ही चालतात.

पॉलिश. रॉडच्या कडेला फोर्जिंगची शिवण असते, ती काढणं योग्यच. पण बेल्ट रॉडच्या लांबीच्या दिशेनेच फिरला पाहिजे, कारण आडवा ओरखडा म्हणजे क्रॅकची सुरुवात. चमकेने ताकद वाढत नाही. आणि या सगळ्याच्या आधी मॅग्नाफ्लक्स (चुंबक आणि लोखंडाच्या भुकटीने क्रॅक शोधायची तपासणी) करून घ्या, विशेषतः बोल्टच्या बैठकीजवळ आणि स्मॉल एंडच्या, म्हणजे पिस्टनकडच्या टोकाच्या, खाली. क्रॅक दिसला तर रॉड भंगारात. त्याला वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याकडे परत जाऊ नका. तपासणीनंतर डीमॅग्नेटाइझ केलं नाही, तर रॉड लोखंडाचा कीस ओढत बसतो.

फाउंड्रीतला शॉट. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या पट्ट्यात शॉट ब्लास्टिंगची मशिन भरपूर आहेत, गैरसमजही तिथूनच येतो. ब्लास्टिंग कास्टिंगवरची वाळू आणि खपली काढायला असतं. रॉडला लागतं ते शॉट पीनिंग: गोल आणि एकसारख्या मापाचे छर्रे, ठरलेली तीव्रता, ती मोजायला आल्मेन पट्टी (छर्ऱ्यांच्या माऱ्याने किती वाकली ते बघायची पोलादी पट्टी). त्याने पृष्ठभागावर दाबाचा पातळ थर तयार होतो आणि क्रॅक सुरू व्हायला अडचण होते. टोकदार ग्रिट मारलात तर उलट खाचा पडतात. पीनिंग झाल्यावर पुन्हा पॉलिश केलं, तर पैसे देऊन मिळवलेला तो थरच घासून जातो.

"पाना जाईल तेवढे आवळा." सगळ्यात जास्त नुकसान या ओळीने होतं. पान्याच्या जोरातला जेमतेम दहावा भाग बोल्ट ताणायला जातो, बाकी डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात. त्यामुळे साधं ऑइल लावून ठरवलेला टॉर्क (पान्याचा जोर) त्याहून निसरड्या मॉली ग्रीसवर वापरला की बोल्ट कायमचा ताणला जातो. खात्रीचं माप एकच, बोल्ट किती लांबला ते दाखवणारा स्ट्रेच गेज. ३/८ इंची रेसिंग बोल्ट साधारण ०.१३ ते ०.१५ मिमी ताणावा लागतो, तरी अंतिम आकडा बोल्टसोबतच्या पत्रकातलाच धरा. बसवण्याआधी प्रत्येक बोल्टची मोकळी लांबी लिहून ठेवा. उघडल्यावर ती ०.०२५ मिमी वाढलेली दिसली, की बोल्ट फेकायचा. सैल बोल्टही तितकाच घातक: कॅप दर फेऱ्याला किंचित उघडते आणि बोल्ट थकून तुटतो.

मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखच नाही ते काम म्हणजे बिग एंड, रॉडचं क्रँककडचं टोक. बोल्ट बदलले की कॅप जराशी वेगळी बसते, भोक अंडाकार होतं. उद्यमनगरात ट्रॅक्टरचे रॉड करणाऱ्यांना पद्धत माहीत असते: रॉड आणि कॅपच्या मिलनकडा सुमारे ०.०५ मिमी ग्राइंड करायच्या, नवे बोल्ट अंतिम स्ट्रेचला आवळायचे, मग होनिंग, म्हणजे भोक बारीक दगडांनी घासून मूळ मापाला आणणं. रेसिंगसाठी फक्त सहनमर्यादा घट्ट सांगा: सगळं मिळून ०.०१२ मिमीच्या आत. भोक मोठं राहिलं की बेअरिंगचा क्रश (भोकात दाबून बसण्याचा घट्टपणा) जातो आणि शेल, म्हणजे बेअरिंगची अर्धगोल पाळ, जागेवर फिरतो. होनिंगनंतर चारही रॉडची केंद्र ते केंद्र लांबी पुन्हा मोजा, ती थोडी कमी झालेली असते. एक महत्त्वाची अडचण: अनेक नव्या गाड्यांच्या रॉडची कॅप कारखान्यातच तोडून वेगळी केलेली असते, तिची कड खडबडीत दिसते. ती कड ग्राइंड केली की कॅपची जागाच हरवते. असे रॉड या पद्धतीने होत नाहीत, बदलावेच लागतात.

वजन जुळवणं शेवटी. बिग आणि स्मॉल एंड वेगवेगळे तोलायचे, फरक एक ग्रॅमच्या आत. धातू टोकांच्या पॅडवरून काढायचा, बीमवरून नाही.

ॲल्युमिनियम रॉड धक्का झेलतो, टॉप फ्युएलमध्ये (ड्रॅग रेसिंगच्या सर्वात वेगवान वर्गात) तो चालतो, पण तिथे तो मोजक्या धावांनंतर बदलतात. तो स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतो, म्हणून पिस्टन ते हेड अंतर स्टीलला एक मिमी चालत असेल, तर इथे दीडच्या आसपास लागतं. शिवाय मॅग्नाफ्लक्स त्यावर चालत नाही, क्रॅक शोधायला डाय पेनेट्रंट (क्रॅकमध्ये शिरणारा रंग) वापरावा लागतो. हीच गाडी रोज कामाला न्यायची असेल, तर स्टीलचाच रॉड घ्या.