‘परदेशात बघा’ म्हणताना मुरूमही बघा

माथेरानवरून वाद पेटला की कुणीतरी हमखास लिहितं: ‘परदेशात बघा, डोंगराच्या टोकापर्यंत गुळगुळीत रस्ते, गाडी थेट हॉटेलच्या दारात. आणि आपण अजून दस्तुरी नाक्यावर बॅगा उतरवून लाल माती तुडवतोय.’ सध्या निमित्त पेव्हर ब्लॉकचं आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं, दस्तुरी ते शिवाजी महाराजांचा पुतळा या मुख्य रस्त्यावर ब्लॉकना परवानगी दिली आणि आतल्या रस्त्यांवर, पायवाटांवर ब्लॉक नकोत असं बजावलं. माणसाने माणसाला ओढणं थांबतंय हे चांगलंच. पण आतले रस्ते मातीचेच राहणार हे अनेकांना मागासलेपण वाटतं, आणि साक्षीला दरवेळी परदेश उभा केला जातो.

मी राहतो तो परदेश म्हणजे स्कॉटलंड. इथल्या हायलँड्समधल्या, म्हणजे डोंगराळ प्रदेशातल्या, कोरूर स्टेशनची गोष्ट मला या मंडळींना सांगायची असते. ४०८ मीटर उंचीवरच्या या स्टेशनापर्यंत सार्वजनिक रस्ताच नाही. ग्लासगोहून रॅनॉक मूरच्या दलदलीतून गाडी येते, चार माणसं आणि दोन सायकली उतरवते आणि पुढे निघून जाते. तिथून ओसियन तळ्यापर्यंत दीड किलोमीटर मुरमाचा रस्ता, मग तळ्याकाठाने पाइनच्या झाडीतून तसाच. वाटेत चारचाकी दिसलीच तर ती तिथल्या जमीनमालकाच्या इस्टेटीची. माथेरानलाही नेरळहून छोटी रेल्वे १९०७ पासून डोंगर चढते आहे आणि वर मोटारींना बंदी आहे, म्हणजे कोरूरमध्ये ज्यासाठी लोक महिनाभर आधी तिकीट काढतात ते आपल्याकडे शंभर वर्षांहून जास्त काळ आहे. फक्त आपल्याला त्याची लाज वाटते.

अशा रस्त्यांवर चालवायच्या सायकलीला ग्रॅव्हल बाइक म्हणतात. हँडल रेसिंग सायकलीसारखं खाली वळलेलं, टायर मात्र रुंद. हायलँड्ससाठी ४५ मिलिमीटरपेक्षा अरुंद टायर घेऊ नये. ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेला, बसवावा आणि प्रत्येक टायरमध्ये ६० मिली सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव, घालावं. ते तीन-चार महिन्यांत सुकतं, म्हणून मोसमाच्या सुरुवातीला झडप काढून काडी बुडवून बघावी. ७५ किलोच्या माणसाला पुढे २८ आणि मागे ३२ पीएसआय हवा पुरते, सामान बांधलं तर दोन्हीकडे तीन-चार वाढवावी. कमी हवेत रिम दगडावर आपटते. जास्त हवेत मागचं चाक सुट्या खडीवर उसळून फिरत राहतं आणि चढ पायी चढावा लागतो.

चढाचं गणितही आधी करावं. पुढे ४० दातांचं चक्र आणि मागे सगळ्यात मोठं ४४ दातांचं असेल, तर पायडलच्या एका फेऱ्याला सायकल सुमारे दोन मीटर जाते. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी सात किलोमीटर. सामानासकट १२ टक्के चढावर एवढाच वेग दमसास राखून टिकतो. पुढचं आणि मागचं चक्र सारख्या दातांचं असेल तर तेवढ्याच वेगाला मांड्या भरून येतात. दुकानात मिळणाऱ्या पुष्कळ सायकली सपाटीच्या हिशेबाने जोडलेल्या असतात, तेव्हा घेतानाच मागचं मोठं चक्र मोजून घ्यावं. अंतराचा अंदाज डांबरावरच्या निम्मा धरावा: तासाला बारा ते पंधरा किलोमीटर.

पिशवीत काय असावं यात मला तडजोड मान्य नाही. ट्यूबलेसचं भोक बुजवायचे प्लग, एक सुटी ट्यूब, कापलेल्या टायरला आतून लावायला जुन्या टायरचा तुकडा, तुटलेली चेन जोडायची क्विक लिंक, मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे ती ज्यावर टांगलेली असते तो तुकडा, आणि ब्रेकपॅडचा एक जोड. हँगर प्रत्येक सायकलीचा वेगळा असतो आणि सायकल उजव्या अंगावर पडली की तो आधी वाकतो, गावातल्या दुकानात तो मिळेलच असं नाही. रेझिनचे पॅड ओल्या वाळूत एका दिवसात पत्र्यापर्यंत झिजलेले दिसतात, सिंटर्ड म्हणजे धातूच्या भुकटीचे पॅड आवाज करतात पण टिकतात.

या रस्त्यांवर जाण्याचा हक्क २००३ च्या स्कॉटिश भूसुधार कायद्याने दिला आहे. जमीन खाजगी असली तरी पायी, घोड्यावर किंवा सायकलीवर जाता येतं, मोटारीने नाही. बदल्यात जबाबदारीने वागायचं. फाटक जसं सापडलं तसंच सोडायचं, उघडं असेल तर उघडं. ऑगस्ट ते ऑक्टोबर हरणांच्या शिकारीच्या दिवसांत कुठल्या डोंगरावर बंदुका आहेत ते विचारून मग वाट ठरवायची.

‘परदेशात बघा’ म्हणणाऱ्यांनी कोरीयारॅक खिंडही बघावी. ब्रिटिश सैन्यातल्या जनरल वेडच्या सैनिकांनी १७३१ मध्ये बांधलेला हा रस्ता सुमारे ७७० मीटरपर्यंत चढतो, दक्षिणेकडून आखूड नागमोडी वळणांनी. शेजारून विजेचे उंच मनोरे गेलेत, म्हणजे निसर्ग अगदी अस्पर्श वगैरे नाही. पण जवळजवळ तीनशे वर्षं उलटली तरी खिंडीतल्या भागावर डांबर पडलेलं नाही आणि मोटारींना तो बंद आहे. देश गरीब आहे म्हणून हे राहिलेलं नाही.

डांबराशिवाय रस्ता टिकतो कसा, हा खरा मुद्दा. पाणी रस्त्याच्या लांबीने वाहिलं की रस्ता संपला, आडवं काढून दिलं की वाचला. म्हणून चांगल्या मुरमी रस्त्याची पाठ मधोमध थोडी उंच असते, खडीत बांधून धरण्यापुरती चिकणमाती असते, वरच्या अंगाला चर आणि ठरावीक अंतरावर मोरी. उतार तीव्र असेल तिथे दगडाचे तिरके पाट रस्त्यावर आडवे घालतात. दहा टक्के उतारावर साधारण २५ मीटरला एक. सायकलवाल्यांना हे पाट नकोसे वाटतात, कारण उतारावर वेगात तिरकं गेलं तर पुढचं चाक दगडावरून घसरतं आणि मागचा टायर दगड व रिममध्ये चिरडतो. पाट दिसला की वेग आधीच कमी करायचा, चाक त्याला काटकोनात आणायचं, बूड खोगिरावरून उचलायचं. पाट नसता तर तिथे रस्ताच नसता.

माथेरानची लाल माती दर पावसाळ्यात दरीत जाते ती माती आहे म्हणून नव्हे. पाणी रस्त्यानेच धावतं आणि घोड्यांच्या टापांनी भुसभुशीत झालेला थर घेऊन जातं. त्यावर जांभ्याचे तिरके पाट, साफ चर आणि दरसाल थोडा मुरूम हा उपाय आहे. डोंगर जांभ्याचाच आहे. ब्लॉक बसवून पाणी थांबत नाही. ते जास्त वेगाने कडेला जातं आणि तिथली माती खातं. शेवाळलेल्या गुळगुळीत पृष्ठभागावर टाप घसरते ते वेगळंच.

इथे मला तुलना आवरती घ्यायला हवी, कारण ती मी माझ्या सोयीने करतोय. स्कॉटलंडच्या ओल्या पश्चिम किनाऱ्यावर वर्षभरात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, महाबळेश्वरला चार महिन्यांत पाच हजारांहून जास्त. सह्याद्रीतला पाट दुप्पट खोल लागेल आणि दुरुस्ती दरवर्षी लागेल. इथल्या दऱ्यांमधल्या पुष्कळ मुरमी रस्त्यांचा जन्मही शिकारीच्या हौसेतून झाला आहे, डोंगराच्या प्रेमातून नव्हे.

आणि ही शांतता कुठून आली? अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत जमीनदारांनी मेंढ्यांसाठी इथली माणसं हुसकून लावली. सायकल टेकवून ज्या दगडी भिंतीच्या आडोशाला वारा चुकवायचा, ती अनेकदा कुणाच्या तरी घराची भिंत असते. सह्याद्री असा रिकामा नाही. धनगरवाडे आहेत, ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. आजारी माणसाला डोलीत घालून उतरवणारी माणसं रस्ता मागतात तेव्हा त्यांना मुरमाचं कौतुक सांगायचा अधिकार मला नाही. ‘तुम्ही तिकडे बसून सांगू नका’ हे उत्तर त्यांनी दिलं तर मी गप्प बसेन. ज्यांना शनिवार-रविवारी गाडी पॉइंटच्या कड्यापर्यंत न्यायची आहे त्यांनी दिलं तर बसणार नाही.

तरी स्वतःशी खरं बोलायचं तर माझ्या आग्रहात निव्वळ पर्यावरण नाही. मी सोडून आलो ती लाल माती तशीच राहावी, परत गेल्यावर पाय ओळखीच्या धुळीत पडावेत, असं मला वाटतं. जो निघून गेला त्याच्यासाठी गावाने थांबून राहावं अशी ही मागणी आहे आणि ती न्याय्य नाही, हे मला कळतं. इथल्या डोंगरात जायचा हक्क मला कायद्याने मिळाला, पण ओसियनच्या काठचा रस्ता बदलला तर मला फार दुःख होणार नाही. माथेरानच्या आतल्या गल्लीत ब्लॉक पडले तर होईल.

म्हणून मागणं एवढंच. आतल्या रस्त्यांचा निर्णय तिथे राहणाऱ्यांनी, घोडेवाल्यांनी आणि पूर्वीच्या हातरिक्षावाल्यांनी घ्यावा. पण मातीचा रस्ता टिकतच नाही, असं ठरवण्याआधी एका गल्लीत करून बघावं. मे महिन्यात दोनशे मीटरचा उतार निवडायचा, २५ मीटरला एक असे आठ पाट जांभ्याचे, तिरके. दरीकडच्या तोंडाशी दगड रचायचे, म्हणजे पडणारं पाणी कड खाणार नाही. पाऊस लागल्यावर आठवड्यातून एकदा दोन माणसांनी फावड्याने तोंडं मोकळी करायची, कारण पाट तुंबतो तो पानांनीच. ऑक्टोबरात शेजारच्या पाट नसलेल्या गल्लीशी लावून बघायचं, कुठली माती जागेवर आहे ते.