केरीला जाताय? मग गाडी बाजारातच ठेवा

मी गोव्यातल्या साखळीची. लहानपणी मामाकडे बेळगावला जाताना चोर्ला घाटातल्या एका वळणावर बाबा गाडी थांबवायचे. खाली अंजुणे धरणाचं पाणी पसरलेलं, मागे वाघेरीचा डोंगर. आम्ही पाच मिनिटं बघायचो आणि पुढे निघायचो. पुढे लग्न झालं, स्वतःची गाडी आली, तरी ते तळं मी तसंच बघत राहिले. वरून, रस्त्यावरून, पाच मिनिटं.

गेली चार वर्षं मात्र तिथे पायी फिरते आहे. त्या जोरावर सांगते, घाटातून दिसतं ते फक्त पाणी आहे. घाटाखालचा, सत्तरी तालुक्यातला केरी गाव बघायचा तर खाली उतरावं लागतं.

माझी वाट ठरलेली आहे. सकाळी लवकर केरीच्या बाजारात पोचायचं, पातळभाजी-पाव आणि एक मिरची खायची, चहा घ्यायचा आणि तिथून चालायला लागायचं. पहिला टप्पा कुळागरांचा, म्हणजे सुपारीच्या बागांचा. एका बाजूला पाटाचं पाणी खळखळत असतं, वर सुपारीच्या माडांची सावली, खोडांवर चढलेले मिरीचे वेल, मधे केळी. सकाळी नऊलासुद्धा तिथे अंगाला गारवा लागतो. गेल्या ऑक्टोबरात याच वाटेवर आंब्याच्या एका खालच्या फांदीवर हुमल्यांचं, म्हणजे झाडावरच्या तांबड्या मुंग्यांचं, घर बांधणं चालू होतं. आम्ही अर्धा तास तिथेच उभे राहिलो. त्यांची एक रांग एका पानाची कड तोंडात धरून मागे ओढत होती. दुसऱ्या पानापर्यंतचं अंतर जास्त पडलं तेव्हा एकीने दुसरीची कंबर धरली, दुसरीने तिसरीची, आणि जिवंत साखळी तयार झाली. पानं जवळ आल्यावर काही मुंग्या आपल्याच अळ्या तोंडात धरून आल्या आणि या पानावरून त्या पानावर टेकवत गेल्या. अळीच्या तोंडातून रेशमाचा धागा निघतो, त्यानेच पानं शिवली जातात. माझ्या बहिणीची मुलगी, वय वर्षं नऊ, त्या अर्ध्या तासात एकदाही मोबाईल मागायला आली नाही.

पुढे देवराई लागते, आजोबाची तळी. इथे चपला काढायच्या, आवाज खाली आणायचा. तिथली सुकलेली काटकीसुद्धा कुणी चुलीला नेत नाही. सत्तरीत अशा राया बऱ्याच ठिकाणी आहेत. बांबरची निरंकाराची राय तर रानजायफळाच्या दलदलीसाठी जाणकारांना माहीत आहे. पाण्यात उभी असलेली ती झाडं श्वासासाठी मुळांचे गुडघे चिखलाबाहेर काढतात. जंगल कसं राखावं हे आपल्याला कुणी बाहेरून येऊन शिकवलेलं नाही. आपल्या पूर्वजांनी देवाच्या नावाने ते राखलं. रोयणीला, म्हणजे वारुळाला, सातेरी देवी म्हणून हात जोडायचे आणि पावसात त्याच रोयणीवर उगवलेली अळमी, म्हणजे अळंबी, प्रसादासारखी घरी आणायची, अशी आपली रीत आहे.

मग येतो धरणाच्या तळ्याचा काठ. इथे थोडं थांबून सांगते.

दोन वर्षांपूर्वी काठावर गुरं राखणारी एक वयस्क बाई भेटली. मी कॅमेरा काढला तशी तिने विचारलं, "कितें काडटा पुता?" म्हटलं, तळ्याचा फोटो. ती काठीने पाण्यातली एक जागा दाखवत म्हणाली, "थंय आमचें आंगण आशिल्लें." तिथे आमचं अंगण होतं. तिच्या आवाजात रडं नव्हतं. वाट चुकलेल्याला घर दाखवावं, तशी ती बोलली. मग काठी जराशी डावीकडे वळवून म्हणाली, तिकडे मळा, तिकडे विहीर, विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असायचं. मी कॅमेरा बंद केला.

या धरणासाठी अंजुणे गाव उठला. त्याच पाण्यावर आज खालची शेती उभी आहे. हे पाणी पुढे वाळवंटीतून आमच्या साखळीला येतं आणि शेवटी मांडवीला मिळतं. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडायची वेळ आली की आम्हाला सावध राहायला सांगतात. म्हणजे त्या बाईचं अंगण आणि माझ्या घरची पायरी एकाच पाण्याने बांधलेली आहेत. इतकी वर्षं त्या वळणावर थांबून मला हे एकदाही सुचलं नव्हतं.

म्हणून मला मोठमोठ्या सहलींचा त्रास होतो. गेल्या पावसात एका ग्रुपने साठेक माणसं आणली. स्पीकर लावलेला, वझराखाली, म्हणजे धबधब्याखाली, बाटल्या, कुळागराच्या पाटात चिप्सची पाकिटं. कुळागराच्या मालकाने दुसऱ्या दिवशी ती एकट्याने वेचली. याला निसर्गभ्रमण म्हणायचं नाही. दहाच्या वर माणसं नेऊच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. बरोबर गावातला माणूस घ्यावा आणि त्याला त्याच्या दिवसाचे नीट पैसे द्यावेत. कुठल्या व्हाळाला पाणी अचानक चढतं आणि गवा कुठे उतरतो हे तो जाणतो, आपल्याला ते मोबाईलवर कळत नाही. वर म्हादई अभयारण्य आहे, 1999 साली जाहीर झालेलं, 208 चौरस किलोमीटरचं. तिथे पाऊल टाकायचं तर वनखात्याची परवानगी घ्यायची. 2020च्या जानेवारीत याच सत्तरीत, गोळावलीला, एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. मार्च 2023मध्ये डोंगर पेटले तेव्हा हेलिकॉप्टरने पाणी ओतावं लागलं. त्या रात्री आमच्या गच्चीवरून डोंगरावरची लाल रेघ दिसत होती. हे रान आपण गृहीत धरू शकत नाही.

पाऊस ओसरला की सुर्लच्या सड्यावर, म्हणजे पठारावरही जा. जांभा दगड, वर जेमतेम बोटभर माती, आणि तिच्यावर सीतेची आसवं पसरलेली. नखाएवढं निळं-जांभळं फूल. त्या मातीत सत्त्व कमी, म्हणून ही वनस्पती मातीखाली बारीक पिशव्या ठेवून पाण्यातले जीव पकडून खाते. बघायचं असेल तर गुडघ्यावर बसावं लागतं. गाडीतून सडा नुसता ओसाड दिसतो.

लोक विचारतात, तिथे बघण्यासारखं काय आहे, रोपवे आहे का, बोटिंग आहे का? नाही, आणि होऊही नये. केरीला एक स्वच्छ पायवाट, वाटेवर चार फलक मराठी-कोंकणीत, आणि गावातल्या पाच-सहा मुलांना वाटाड्याचं काम, इतकं झालं तरी पुरे. पंचायतीने मनावर घेतलं तर याला फार पैसे लागणार नाहीत.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मी परत जाते आहे. यायचं असेल त्यांनी मेसेज करा, पहिली नऊ नावं घेईन. पाण्याची बाटली घरून आणा, भडक रंगाचे कपडे नकोत.

त्या बाईला मी आता मावशी म्हणते. मे महिन्यात पाणी उतरलं की आपल्या मळ्याची मेर दाखवते म्हणाली आहे. त्या फेरीला मात्र मी कुणालाच बरोबर नेणार नाही.