एकानं बोला हो, पण रोज बोला

काल रात्री सव्वाअकराला सोसायटीच्या ग्रुपवर परत तो मेसेज आला. "अर्जंट!! पाण्याला वास येतोय! कोणीही नळाचं पाणी पिऊ नका!! सगळ्यांना पुढे पाठवा." त्याखाली अकरा जणांचे जोडलेले हात, चार रडके चेहरे आणि सी विंगच्या काकांचा नेहमीचा प्रश्न, "ऑथेंटिक आहे का?" अहो काका, विचारताय कुणाला? ज्यानं टाकलाय त्याला त्याच्या मेव्हण्यानं पाठवलाय आणि मेव्हण्याला जिमच्या ग्रुपवरून आलाय. एवढीच त्याची ऑथेंटिसिटी.

माझं डोकं जे सणकलं ते अजून खाली आलेलं नाही. म्हणून लिहितेय.

पुण्यात सिंहगड रस्त्याला राहणाऱ्या माणसाला "पाण्याला वास येतोय" एवढं वाक्य ऐकलं की पोटात गोळा येतो. जानेवारी २०२५ आम्ही इथेच काढलाय. जीबीएस. म्हणजे गुइलेन बॅरे सिंड्रोम, हे नाव तोपर्यंत आमच्या बिल्डिंगमधल्या दोन डॉक्टरांशिवाय कुणी ऐकलेलं नव्हतं. आधी पोट बिघडतं, जुलाब होतात, ते थांबतातही. मग एक ते तीन आठवड्यांनी पायाला मुंग्या. जिना चढता येईना, हातातला चहाचा कप धरवेना, आणि काहींची गाडी थेट व्हेंटिलेटरपर्यंत. शरीराची फौज जंतूंशी लढता लढता स्वतःच्याच नसांवर उलटते. एरवी वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्याला होणारा हा आजार, आणि दोनेक महिन्यांत पुणे परिसरात संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले. त्यातले बरेचसे आमच्याच पट्ट्यातले : धायरी, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी नावाचा जिवाणू सापडला, नोरोव्हायरसही सापडला. सगळ्यांची बोटं पाण्याकडे वळली.

इथपर्यंत आजाराचं झालं. आजार होतात. माझा राग आजारावर नाही. त्या दीड-दोन महिन्यांत आमच्याशी बोललं कोण, यावर आहे.

कोण नाही बोललं ते विचारा! मंत्री बोलले, पालकमंत्री बोलले, आयुक्त बोलले, केंद्राचं पथक येऊन बोलून गेलं. टीव्हीवर लाल पट्ट्या लावून, ढॅण ढॅण वाजवून, बोलणाऱ्यांना तर ऊतच आला होता. रील बनवणारे डॉक्टर बोलले. आमचे चेअरमन बोलले, जे एरवी लिफ्ट बंद पडली तरी तोंड उघडत नाहीत. पाण्याचे जार टाकणारा पोरगा बोलला. सोलापूरहून नणंदेचा फोन, "वहिनी, तुमच्याकडं पनीर खायचं नाही म्हणे." नाशिकहून आत्याचा फोन, भात शिळा नको. पनीर, भात, चिकन, अंडी, चौपाटीवरची भजी, सगळं एकेक करून आरोपीच्या पिंजऱ्यात. आणि ज्या गोष्टीनं जंतू नक्की मरतो, म्हणजे पाणी खळाखळा उकळणं, ती या गोंगाटात तळाला.

आता आकड्यांचं ऐका. २१ जानेवारीला बातमी, संशयित रुग्ण २४. रविवारी, २६ तारखेला, १०१. पाच दिवसांत चौपट! त्या रविवारी आमच्या बी विंगमधल्या दोन कुटुंबांनी बॅगा भरल्या आणि गावाला गेली, एकाची दहावीतली मुलगी सराव परीक्षा सोडून गेली. आता मला सांगा, पाच दिवसांत खरंच सत्त्याहत्तर माणसं नव्यानं आजारी पडली होती का? शोध सुरू झाला, दवाखान्यांना कळवायला सांगितलं, आधीपासून कुठे कुठे दाखल असलेले रुग्ण यादीत आले, तर आकडा उसळणारच. मोजायला लागलं की आधी संख्या वाढते. हे एक वाक्य होतं. एक! रोज आकडा सांगणाऱ्या माणसानं आकड्यासोबत ते सांगायचं असतं. आमच्यापर्यंत फक्त आकडा आला, वाक्य मला दोन आठवड्यांनी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी सांगितलं, तेही मी बीपी तपासायला गेले म्हणून.

"संशयित" आणि "निश्चित" यातला फरकही तसाच. सकाळी एका चॅनलवर एक आकडा, दुपारी दुसऱ्यावर वेगळा, कारण एक संशयित धरतंय नि दुसरं निश्चित. आमच्या ह्यांनी निष्कर्ष काढला की सरकार लपवतंय. ग्रुपवरच्या निम्म्यांनी तोच काढला. का नाही काढणार?

आणि आता सगळ्यात वरचा कळस. वास.

त्या दिवसांत पाण्यात क्लोरीन वाढवलं गेलं. वाढवायलाच हवं होतं. नळाला ब्लीचिंग पावडरचा वास यायला लागला. हा वास म्हणजे औषध पोचलं याची पावती. पण हे कुणी सांगितलं आम्हाला? ग्रुपवर मेसेज फिरला, "पाणी केमिकलवालं आहे, पिऊ नका." मग आमच्या बिल्डिंगनं काय केलं? भरलेल्या बादल्या मोरीत ओतल्या आणि वीस लिटरचे जार मागवायला सुरुवात केली. म्हणजे क्लोरीन असलेलं पाणी ओतून, आरओतून आलेलं बिनक्लोरीनचं पाणी विकत घेतलं. आणि फेब्रुवारीत कळलं काय, तर याच भागातल्या खासगी आरओ प्लांटच्या पाण्याचे नमुने पिण्यालायक नाहीत, तीसेक प्लांटना टाळं! आम्ही पैसे मोजून आगीतून फुफाट्यात गेलो होतो. मी स्वतः चाळीस रुपयांप्रमाणे अकरा जार घेतले. अकरा. हिशोब डायरीत आहे.

मी त्या काळात एका नंबरावर फोनही केला होता. कुठला ते सांगत नाही, उगाच कुणाचं नाव नको. विचारलं, "उकळलेलं पाणी आरओत घालायचं की आरओचं पाणी उकळायचं?" साधा, स्वयंपाकघरातला प्रश्न. पलीकडून उत्तर, "मॅडम, पाण्याचं आमच्याकडे नाही, आम्ही फक्त आजाराचं बघतो." दुसरा नंबर दिला. तिथे, "आजाराचं आम्ही बोलू शकत नाही, आम्ही फक्त पाण्याचं बघतो." अहो, पण मी पिते ते एकाच ग्लासातून ना! माझ्या पोटात दोन खाती नाहीत.

फेब्रुवारीच्या मध्यावर कोंबडीपुराण. अजित पवार म्हणाले की कुणी पाण्याला कारण ठरवतंय, कुणी चिकनला, आढावा घेतला, कोंबड्या मारण्याची काही गरज नाही, नीट शिजवून खा. तसं बघितलं तर सल्ल्यात चूक काहीच नव्हती, कॅम्पायलोबॅक्टर अर्धवट शिजलेल्या कोंबडीतूनही येतो. पण राज्याचा उपमुख्यमंत्री आणि पुण्याचा पालकमंत्री कोंबडीचं नाव घेतो तेव्हा मथळा काय होणार, हे लहान पोरालाही कळतं. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर, "बघा, पाणी नाही, चिकन आहे!" आणि आमच्या चार शाकाहारी घरांनी त्याच दिवसापासून पाणी उकळणं बंद केलं. आम्ही कुठे चिकन खातो, म्हणाले. डोकं आपटावंसं वाटलं मला.

म्हणून माझं म्हणणं असं की साथीत मंत्र्यांनी पहिल्या खुर्चीत बसूच नये. मंत्र्याच्या प्रत्येक वाक्याचं राजकारण होतं, त्याची इच्छा असो नसो. समोर बसावं शहराच्या आरोग्य अधिकाऱ्यानं. डॉक्टर माणूस, ज्याच्या टेबलावर रोजचे रिपोर्ट येतात तो. आणि पाण्याची साथ असेल तर त्याच्या शेजारच्या खुर्चीत पाणीपुरवठ्याचा अभियंता, म्हणजे मला फोनवर चेंडूसारखं टोलवता येणार नाही. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी, पंधरा मिनिटं. आज काय कळलं, काय अजून कळलेलं नाही, उद्या काय तपासणार, तुम्ही घरी काय करायचं. "अजून माहीत नाही" म्हणायला लाजू नका हो. आम्हाला न कळण्याची भीती नाही वाटत, तुम्ही गायब होता त्याची वाटते.

लगेच कुणीतरी म्हणेल, केरळात २०१८ला निपाह आला तेव्हा आरोग्यमंत्री शैलजाबाईच तर पुढे होत्या. होत्या. आधी शाळेत शिक्षिका असलेल्या बाई, कोझिकोडला जाऊन बसल्या, डॉक्टरांच्या गराड्यात बसून बोलल्या, आणि लोकांनी ऐकलं. मान्य. पण अशी माणसं मागवून मिळत नाहीत. मंत्री कोण येईल हे नशिबावर, आरोग्य अधिकाऱ्याची खुर्ची मात्र कायम असते. नशिबावर माझं पाणी सोडू नका.

इकडे आमचं नशीब तर बघण्यासारखं. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावं २०२१मध्ये महापालिकेत आली. ग्रामपंचायत गेली, सरपंच गेला. आणि मार्च २०२२मध्ये महापालिकेची मुदत संपली, निवडणूक नाही, प्रशासक. म्हणजे साथ आली तेव्हा या गावांत ना सरपंच, ना नगरसेवक. नगरसेवकाला आपण कितीही नावं ठेवू, पण पाणी गढूळ आलं तर त्याच्या दारात जाऊन शंख करता येतो. माणूस बाहेर येतो, निदान खोटं तरी बोलतो. इथे शंख करायला दारच नव्हतं! सरपंच असता तर एक दवंडी तरी झाली असती.

दवंडीवरून आठवलं. घंटागाडी रोज सकाळी गल्लीगल्लीत फिरते, कर्णा लावलेला असतो, ओला कचरा सुका कचरा करून कान किटवते. त्याच कर्ण्यावर तीस सेकंद, "पाण्याला क्लोरीनचा वास येईल, घाबरू नका, उकळून प्या, पायात अशक्तपणा वाटला तर लगेच दवाखान्यात या." एवढं रेकॉर्ड करून लावायला काय लागतं? ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, जे पेपर वाचत नाहीत, त्या सगळ्यांच्या दारात ती गाडी जाते. आशाताई घरोघर फिरल्या, सर्वेक्षण झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही, उन्हातान्हात त्याच फिरतात. पण त्यांच्या हातात माहिती भरून न्यायचा कागद होता. सांगायचा कागद कुणी दिला का, ते मला माहीत नाही, आमच्या दारात तरी प्रश्नच आले.

आणि हे फक्त आमचंच नाही. त्याच जानेवारीत बुलडाण्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस मुठीमुठीनं गळायला लागले, तीन-चार दिवसांत टक्कल. नेमकं कारण सांगणारं पुढे कुणी नाही, तर चॅनलवाल्यांनीच बारसं करून टाकलं, "टक्कल व्हायरस". व्हायरस! कुणी पाण्यातलं नायट्रेट म्हणालं, कुणी बुरशी म्हणालं, शेवटी डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. तोवर त्या गावच्या पोरांची लग्नं अडल्याच्या बातम्या छापून आल्या होत्या. रिकाम्या जागेत पहिलं जो बोलतो त्याचंच नाव चिकटतं, मग पुसा बसून.

सगळ्यात जास्त लागली ती आमच्या मावशींची गोष्ट. आमच्याकडे भांड्याला येतात, नांदेडात राहतात. जानेवारीत मी त्यांना शहाणपणा शिकवायला गेले, मावशी, वीस मिनिटं उकळा हं पाणी. त्या म्हणाल्या, "ताई, सहा माणसांचं पाणी रोज उकळायचं तर सिलिंडर किती दिवस पुरंल?" सिलिंडर तेव्हा आठशेच्या वर. माझी बोलती बंद. मी व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं होतं वीस मिनिटं, नंतर डॉक्टरांनी सांगितलं, चांगली खळाखळा उकळी आली की एक मिनिट पुरतं, मग झाकून ठेवा. एक मिनिट! वीस आणि एकमध्ये केवढा गॅस आहे, करा हिशोब. हे सांगायला कुणाला काही खर्च येणार होता का? मावशींनी पंधरा दिवस परवडत नाही म्हणून उकळलंच नव्हतं.

आणि साथ संपली तेव्हा? रुग्ण कमी झाले, पेपरातली बातमी पहिल्या पानावरून आत गेली, मग आतूनही गेली. आता पाणी ठीक आहे, अमुक दुरुस्ती केली, अमुक विहिरीचं असं असं केलं, आता उकळलं नाही तरी चालेल किंवा उकळाच, असं आमच्या गल्लीत येऊन कुणीही सांगितलं नाही.

आज सकाळी मावशी आल्या. ग्रुपवरचा कालचा मेसेज त्यांच्या सुनेच्या मोबाइलवरही पोचला होता. पदर खोचता खोचता विचारलं, "ताई, परत आलं का ते? का मागचंच संपलं नव्हतं?"

मी म्हटलं, बघते मावशी, विचारते कुणालातरी. आणि फोन हातात घेऊन बसलेय सकाळपासून.