सुभेदारांच्या चपला आणि वाळवंटातली 'पगारी सुट्टी'

कट्ट्यावरून उठताना सुभेदार आधी चपला उलट्या करून दोनदा आपटतात, मगच पायात घालतात. सैन्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. खरं तर ते हवालदार म्हणून निवृत्त झाले, सुभेदार ही बढती कट्ट्याने परस्पर दिलेली. परवा वकिलाने टोकलंच, "अहो, इथे कुठला आलाय विंचू?"

"विंचू नसतो. सवय असते."

एवढ्यावर भागलं असतं. पण समोरच्याने विषय संपवला की वकिलाला चेव येतो. "मला एक सांगा सुभेदार, लढाई नसताना वाळवंटातल्या छावणीत माणूस दिवसभर करतो काय? ना वस्ती, ना रहदारी. वाळूकडे बघत बसायचं. पगारी सुट्टीच की ती."

आम्हाला वाटलं, आता भडका उडणार. सुभेदार शांतपणे म्हणाले, "उजाडायच्या आधी स्टँड-टू. बसा आता, सांगतो."

स्टँड-टू म्हणजे सगळ्यांनी हत्यारासकट आपापल्या मोर्च्यात उभं राहायचं. झुंजूमुंजू असतं, धड दिसत नाही, हल्ला करणाऱ्याला तीच वेळ सोयीची. संध्याकाळी अंधार पडताना पुन्हा तेच. शिवाय रात्री दोन-दोन तासांचे पहारे, म्हणजे सलग झोप अशी नाहीच. आणि हिवाळ्यात रात्री दात वाजतात. "वाळवंटात थंडी?" बंड्याने विचारलं. कोरडी हवा, वर ढगांचं पांघरूण नाही, सूर्य गेला की जमिनीतली ऊब भराभर वर निघून जाते. दुपारी जी वाळू हाताला चटका देते, तीच पहाटे गार लागते.

मग हत्यार. इथे सुभेदारांनी बंड्याच्या हातातली पाण्याची बाटली काढून घेतली आणि रायफलसारखी आडवी धरली. "रोज उघडायचं. पुलथ्रूला, म्हणजे साफसफाईच्या दोरीला, चिंधी लावून नळीतून ओढायची. मॅगझिन रिकामं करून एकेक गोळी पुसायची. ब्रशने खाचाखोचा साफ करायच्या. करून झालं की तासाभरात वारा सुटतो. पुन्हा उघडायचं."

"भरपूर तेल घालून ठेवायचं ना," बंड्या म्हणाला.

"तेलावर धूळ बसली की काय होतं? पॉलिश पेपर होतो, बाळा. तेल हवंच, पण हलणाऱ्या भागांना, बेतानं. वरून चोपडायचं नाही."

वकिलाचा फोन एव्हाना बाहेर आला होता. त्यानेच वाचून दाखवलं. 23 मार्च 2003ला इराकमध्ये नासिरियाजवळ अमेरिकी सैन्याची एक मेंटेनन्स कंपनी, म्हणजे दुरुस्ती-देखभाल करणारी तुकडी, वाट चुकून शत्रूच्या तावडीत सापडली, आणि ऐन वेळी अनेकांची हत्यारं अडकली. वाळवंटात ज्याने त्याने आपलं हत्यार जसं राखायला हवं तसं बहुधा राखलं गेलं नसावं, असं त्यांच्याच सैन्याच्या अहवालाने म्हटलं. स्वतःच्याच पक्षकाराविरुद्ध पुरावा काढल्यासारखा वकिलाचा चेहरा झाला.

पण खरं भांडण पेटलं ते पाण्यावरून. वकिलाचं म्हणणं, जवानाला कमी पाण्यात भागवायची सवय लावली पाहिजे, शरीर शिकतं. हे ठाम स्वरात बोललं की फार शहाणपणाचं वाटतं. एके काळी सेनाधिकाऱ्यांनाही वाटायचं. 1942 मध्ये अमेरिकेने कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात जनरल पॅटनच्या हाताखाली मोठं प्रशिक्षण केंद्र उभारलं, तेव्हा पाण्याची काटकसर हाही शिस्तीचाच भाग मानला जाई. त्याच काळात एडवर्ड अॅडॉल्फ या शरीरशास्त्रज्ञाने वाळवंटात माणसं चालवून मोजमाप केलं. त्याचं पुस्तक 1947 मध्ये आलं. निष्कर्ष सरळ होता: पाण्याची गरज सरावाने कमी होत नाही. उलट उन्हाला सरावलेला माणूस लवकर आणि जास्त घामेजतो, कारण घाम हेच थंड राहायचं साधन. हे मी सांगितलं. (कट्ट्यावर मी बोलतो कमी, पण हे एक मला येत होतं.)

"घाम दिसतच नाही तिथे," सुभेदार म्हणाले. "येतो तसा उडून जातो. आपण कोरडे आहोत असं वाटतं. मग पोरगा शर्ट काढतो तर पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे. नवीन तुकडी आली की पहिले दहा-बारा दिवस काम हळूहळू वाढवायचं. ज्याला पहिल्याच दिवशी मर्दुमकी दाखवायची असते, त्याला आम्ही दुपारी सावलीत आडवा करून पाणी मारत बसायचो."

"म्हणजे ढोसा पाणी," बंड्या म्हणाला.

"तेही नाही!" सुभेदार पहिल्यांदा चढ्या आवाजात बोलले. आणि बरोबरच होतं त्यांचं. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, माणूस बरळायला लागतो, झटके येतात, जीवही जातो. अमेरिकी सैन्याने 1998 मध्ये नियम बदलले ते यासाठीच: तासाला साधारण 1.4 लिटरच्या वर नाही, दिवसाला 11 लिटरच्या आसपास मर्यादा. बरळणाऱ्या माणसाला ऊन लागलं समजून आणखी पाणी पाजायचं, हा घोळ पूर्वी होत असे.

वकील तरी माघार घेईना. "दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत ब्रिटिशांच्या सैनिकाला दिवसाला सुमारे गॅलनभर, म्हणजे साडेचार लिटर मिळायचं, कधी त्याहून कमी. लढलेच ना?"

लढले. त्या पाण्यात पिणं, दाढी, धुणं सगळं. दाढीचं पाणी गाळून पुढे गाडीच्या रेडिएटरला. बरं, त्यात त्यांचे चार गॅलनचे पत्र्याचे डबे इतके पातळ, की वाटेतच गळायचे. जर्मनांचा वीस लिटरचा जेरीकॅन हाती लागला तर तो शत्रूकडून पळवून वापरायचे. ते गळके डबे मात्र वाया गेले नाहीत. डबा अर्धा कापायचा, आत वाळू, वाळूवर पेट्रोल, काडी लावायची, वर चहाचं पाणी. 'बेनगाझी बर्नर' म्हणत त्याला. मला विचाराल तर त्या आघाडीवरच्या रणगाड्यांच्या वर्णनापेक्षा या एका डब्यावरून तिथला दिवस जास्त कळतो.

यावर बंड्याने निरागसपणे विचारलं, "आणि संडास?"

काही सेकंद कोणी बोललं नाही. सुभेदार हसले. आखाती युद्धात अमेरिकी छावण्यांत खाली अर्धे कापलेले ड्रम असत, ते ओढून काढायचे, डिझेल ओतायचं आणि काठीने ढवळत जाळायचं. त्यासाठी पाळी लावलेली असे. पुढे इराक-अफगाणिस्तानात छावणीचा सगळा कचरा, प्लॅस्टिकसकट, उघड्या खड्ड्यांत जाळला, आणि तो धूर छातीत घेऊन घरी गेलेल्यांना हक्काच्या उपचारांचा कायदा मिळायला 2022 साल उजाडलं. वकील याच्यावर काही बोलला नाही, आणि तो बोलला नाही ही नोंद मी मुद्दाम करतो.

पण एक मुद्दा त्याने जिंकला, तो त्याला दिला पाहिजे. "दुपारी बारा ते चार काय करायचात?" सुभेदार म्हणाले, तंबूत पडायचं. कनात वर केली तर धूळ, खाली सोडली तर भट्टी. माशा इतक्या, की तोंडावर पंचा टाकून श्वास मोजायचे. पत्ते झिजून पाठीवरूनच ओळखू यायचे. "म्हणजे कंटाळा होताच!" वकील उसळला.

"होता. भयंकर होता. म्हणून तर पोरं संध्याकाळी छावणीभोवती पळायची. दुसरं काय?"

त्या पळण्याचंही एक प्रकरण आहे. धावण्याची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा अॅपने 2017च्या अखेरीस जगभरच्या धावपटूंचा 'हीटमॅप', म्हणजे जिथे लोक जास्त पळतात तिथे जास्त उजळणारा नकाशा, खुला केला, आणि जानेवारी 2018 मध्ये लोकांच्या लक्षात आलं, की सीरिया-अफगाणिस्तानच्या ओसाड काळोखात मध्येच लख्ख चौकोन आणि कडी चमकताहेत. घड्याळं बांधून सैनिक रोज त्याच कुंपणाच्या आतून पळत होते. छावणीचा नकाशा त्यांनीच पायांनी काढून दिला. बंड्या आपल्या मनगटाकडे बघत होता.

नऊ वाजले. सुभेदार उठले, चपला उलट्या केल्या, ठप-ठप. वकिलाने शेवटचा प्रश्न टाकला, "खरं सांगा, तुमच्या बुटात कधी निघाला होता?"

"माझ्या नाही," सुभेदार चपलेत पाय घालत म्हणाले. "शेजारच्या खाटेवरच्याच्या."