व्हिसाचे नियम वाचायचे नसतात, काकांना विचारायचे असतात

आधी अभिनंदन! वर्षभराच्या एक्स्चेंजला अमेरिकेत निवड झाली म्हणजे आता पुढचे दोन महिने सोसायटीच्या लिफ्टमध्ये दुसरा विषय निघणार नाही. तिकडच्या युनिव्हर्सिटीने मेल पाठवला असेल, त्याला चार-पाच पीडीएफ जोडलेल्या असतील. त्या उघडायच्या नाहीत. नियम वाचणं हे ज्यांना कोणी ओळखीचं नाही अशा लोकांचं काम. आपल्याकडे माहिती ठाण्यात उपवनला सकाळी तळ्याभोवती चकरा मारताना मिळते, तिथे एक काका असतातच, त्यांचा मुलगा एच-१ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, न्यू जर्सीत आहे, तुमचा आहे एक्स्चेंजवाल्यांचा जे-१, म्हणजे फरक एका अक्षराचा, तेवढं काका सांभाळून घेतील.

तर पहिली गोष्ट डीएस-२०१९, जे-१ साठी तिकडून येणारा फॉर्म. हा कागद म्हणजे तुमची अख्खी कुंडली आहे, प्रोग्राम कधी सुरू, कधी संपणार, पैसे कोण देतंय, सगळं त्यावर. त्याला दुसरं पानही असतं, बारीक अक्षरातलं, ते झेरॉक्सवाल्यालाच आवडतं. माझ्या भाच्याचा व्हिसा झाला त्या संध्याकाळी आमच्या दाजींनी तो कागद गोखले रोडला नेऊन लॅमिनेट करून आणला. जुलैचा पाऊस, पोरगं वेंधळं, आणि दुकानदाराने कडा गोल कापून दिल्या म्हणून दाजी दुप्पट खूश. तुम्हीपण करा, कागद कसा कडक होतो, पंख्याखाली उडत नाही.

व्हिसाचा इंटरव्ह्यू बीकेसीला, अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये. घोडबंदरवरून निघणार असाल तर वेळेचं मी काही बोलत नाही, पहाटे निघा आणि देवाचं नाव घ्या. सोबत जाड फाइल हवी: बाबांची एफडी, फ्लॅटचं अ‍ॅग्रीमेंट, आजोबांच्या वाटणीतल्या गुहागरच्या जमिनीचा सातबारा, आठवीतलं चित्रकला स्पर्धेचं सर्टिफिकेट. कायदा असा आहे की समोरचा माणूस तुम्हाला कायमचं राहायला आलेलाच धरून चालतो, परत येणार हे तुम्ही पटवायचं, कलम २१४(ब) म्हणतात त्याला. मग तो विचारणार की शिकून काय करणार. इथे स्वतःचं उत्तर द्यायची चूक करू नका, क्लासवाल्या सरांनी घोटून घेतलेलं म्हणा, तेच वाक्य तुमच्या पुढच्या तिघांनी म्हटलेलं असेल तर त्याला ऐकायला सोपं जातं. दोन-तीन मिनिटांत सगळं आटपतं. सातबारा कोणी बघत नाही. मोबाइल आत चालत नाही, त्यामुळे बाबा बाहेर तुमचा आणि स्वतःचा असे दोन फोन दोन हातात धरून उभे, आणि दोन्हीवर आत्या.

हां, व्हिसाच्या फॉर्ममध्ये गेल्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची सगळी खाती विचारतात, आणि जून २०२५ पासून विद्यार्थ्यांना ती पब्लिक ठेवायला सांगतात. तुमचं ते दुसरं, कुत्र्याचा डीपी असलेलं, कॉलेजच्या सरांवर मीम टाकायचं खातं लिहायचं राहिलं तर राहू दे. खाली सही करताना सगळं खरं लिहिलंय असं म्हणावं लागतं, पण आपण सत्यनारायणालाही हो म्हणतो सगळ्याला.

आता इन्शुरन्स. इथे मला आमच्या आजीची बाजू घ्यावीशी वाटते. नियम म्हणतो की प्रत्येक आजारासाठी किंवा अपघातासाठी किमान १,००,००० डॉलरचं कव्हर हवं, आजारपणात उपचारांसाठी हलवायची वेळ आली तर ५०,००० चं, आणि मृतदेह मायदेशी पाठवायला २५,००० चं. हे शेवटचं भाच्याने जेवताना मोठ्याने वाचलं. आजीने हातातला घास ताटात ठेवला. "पोराला पाठवायच्या आधी असलं अभद्र लिहून घेतात?" मग ठरलं की ती पॉलिसी घ्यायची नाही, स्वस्तातली घ्यायची, जिच्यात असलं काही लिहिलेलं नाही आणि, नंतर कळलं, बाकीचंही फारसं काही नाही. आता कोणी मुद्दाम नियमातला इन्शुरन्स ठेवला नाही तर त्याचा प्रोग्राम बंद करणं स्पॉन्सरला, म्हणजे डीएस-२०१९ देणाऱ्या संस्थेला, भाग असतं, हे त्याच पानावर दोन ओळी खाली होतं. तिथपर्यंत आजीने वाचू दिलं नाही.

तिकीट काढताना स्वस्त बघा, तारीख बघू नका. प्रोग्राम सुरू व्हायच्या फार तर ३० दिवस आधी तिथे शिरता येतं, त्याहून आधी नाही, पण दीड महिना आधीचं तिकीट बारा हजारांनी कमी असेल तर बारा हजार हे बारा हजार असतात. कागदपत्रं मोठ्या बॅगेत, थालीपीठाच्या भाजणीखाली ठेवा, तिथे सेफ राहतात. विमानातून उतरल्यावर अधिकारी ती बॅग मिळायच्या आधी भेटतो, तर त्याला सांगा भाजणीखाली आहेत.

तिथे गेल्यावर घर बदलाल, सगळेच बदलतात, पहिलं घर गुजराथी रूममेटच्या मावसभावाच्या ओळखीने मिळालेलं असतं आणि त्यात सहाजण असतात. नवा पत्ता फॅमिली ग्रुपवर टाका, शाळेच्या ग्रुपवर टाका, आत्याला कुरिअर करायला द्या. फक्त युनिव्हर्सिटीच्या ऑफिसला १० दिवसांत कळवायचा असतो तेवढा राहू द्या. भाच्याने ७ आठवडे राहू दिला. मग मेल आला, त्यातलं "टर्मिनेशन", म्हणजे प्रोग्रामच बंद, हे वाचून त्याने रात्री अडीचला दाजींना उठवलं, दाजींनी मला, आणि मी सकाळी उपवनला काकांना. काका म्हणाले, काही होत नाही रे, माझ्या मुलाने चार घरं बदलली. मुलगा एच-१ वर आहे हो काका. तेच ते. शेवटी पोराने स्वतःच जाऊन ऑफिसातल्या बाईंची माफी मागितली तेव्हा सुटला. काकांचं मत अजून बदललेलं नाही.

नोकरीचं तर विचारूच नका. कॅम्पसवर आठवड्याला २० तास, तेही स्पॉन्सरच्या जबाबदार अधिकाऱ्याची परवानगी आधी घेऊन, असला कटकटीचा नियम आहे. त्यापेक्षा शनिवार-रविवार इंडियन स्टोअरमध्ये तांदळाची पोती उचला, मालक कॅश देतो, कागद नाही, पुरावा नाही, आणि मग अभिमानाने त्या पोत्यांसोबत स्टोरी टाका. खातं पब्लिक आहे ना आता. एखादा विषय जड वाटला तर सोडून द्या, कोर्स पूर्णवेळ असायला हवा आणि सोडायच्या आधी विचारायचं असतं, पण इथे आपण बारावीला मॅथ्स सोडलं तेव्हा कोणाला विचारलं होतं.

परत यायची गडबड करू नका. व्हिसाच्या शिक्क्यावर लांबची तारीख असेल तर काका म्हणतील तोपर्यंत राहा. शिक्का हा फक्त दारातून आत यायचा, राहायचं किती ते त्या डीएस-२०१९ वर, पण हे काकांसमोर बोलू नका, त्यांना बीपी आहे. प्रोग्राम संपल्यावर ३० दिवस मिळतात, फिरा, सामान विका, आणि त्यातच एक दिवस नायगारा. कॅनडाच्या बाजूने जास्त छान दिसतो असं सगळेच म्हणतात. फक्त त्या ३० दिवसांत एकदा देशाबाहेर गेलं की त्याच कागदावर परत शिरता येत नाही, त्यामुळे धबधबा नीट बघून घ्या.

परतल्यावर दोन वर्षं मायदेशी राहायची, जे-१ वाल्या काहींना लागणारी अट? ती गेली म्हणे. कोणत्या देशांतल्या लोकांना ती लागते ते ठरवणारी स्किल्स लिस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बदलली, भारताचं नाव निघालं, ग्रुपवर पेढ्यांचे इमोजी पडले. सरकारी पैशावर गेलेल्यांना, म्हणजे फुलब्राइट स्कॉलरशिपवाल्यांना वगैरे, ती अट अजूनही लागते, पण तो मेसेज कोणी फॉरवर्ड केला नाही, त्यात पेढे नव्हते.

बाकी भाच्याचं बरं चाललं होतं. डिसेंबरच्या सुट्टीत चुलत बहिणीचं लग्न, हॉल नौपाड्यातला, तिकीट काढून झालं. परत आत शिरायचं तर त्या डीएस-२०१९ वर कोपऱ्यातल्या चौकटीत ऑफिसची प्रवासाची सही लागते, म्हणून गेला तो कागद घेऊन. बाईंनी पेन टेकवलं, शाई प्लॅस्टिकवर गोळा होऊन घसरली. दुसरं पेन. तेही घसरलं. मग त्यांनी तो गोल कडांचा कडक कागद उजेडात धरून उलटसुलट बघितला आणि विचारलं, हे का केलंय?

"पाऊस होता," भाचा म्हणाला.

त्यांनी नवीन प्रिंट काढून सही करून दिली. जुना दाजींनी परत मागवलाय, म्हणतात चांगला आहे, टाकून कशाला द्यायचा.