श्रेय ब्रँडिंगचं नाही, चवीचं आहे

डुलाली ह्या बिअर बनवणाऱ्या कंपनीवरच्या लेखात तिच्या वाढीचं सगळं श्रेय ब्रँडिंगला आणि टॅपरूममधल्या (म्हणजे तिची ताजी बिअर थेट नळातून देणाऱ्या बारमधल्या) बोर्ड गेम्सना दिलंय, ते मला अजिबात पटलं नाही. 2009 मध्ये पुण्यात कॉरिंथियन्स हॉटेलात हे सुरू झालं तेव्हा आपल्याकडे बिअर म्हणजे बाटलीतली लागर (ती नेहमीची नितळ पिवळी बिअर), स्ट्राँग की माइल्ड एवढाच काय तो प्रश्न, आणि मग अचानक समोर गढूळ दिसणारी हेफेवाइझन, म्हणजे जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर, येते जिला पिकल्या केळ्याचा नि लवंगेचा वास, आणि आत ना केळं ना लवंग, सगळी करामत यीस्टची, म्हणजे बिअर आंबवणाऱ्या खमिराची!! माणसं परत परत गेली ती ह्यासाठी हो. आणि गढूळ का, तर ती गाळत नाहीत, यीस्ट ग्लासात तसंच येतं. अशी बिअर थंड ठेवून ताजी असतानाच प्यावी लागते, महिनोन्महिने दुकानात पडून चालत नाही, म्हणून तर पुण्यानंतर मुंबईत अंधेरी, बांद्रा अशा टॅपरूम काढायला लागल्या. महाग आहे, मान्य. पण हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) बहुतेक परदेशातून येतात, बॅच छोटी, वर एक्साइज म्हणजे दारूवरचा कर, ह्याबद्दल लेखात निदान चार ओळी तरी हव्या होत्या राव.