अटल बोगदा आणि सिस्सू रद्द केल्याच्या तक्रारीवर आमचं उत्तर

नमस्कार सर,

नाताळच्या आठवड्यातल्या आमच्या मनाली-शिमला सहलीला तुम्ही एक स्टार दिला आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सकाळी लख्ख ऊन असताना आम्ही तुम्हाला अटल बोगदा आणि त्यापलीकडच्या सिस्सू गावाला नेलं नाही, शेजारच्या हॉटेलातल्या गाड्या मात्र गेल्या. रस्ता सरकारने बंद केला नव्हता, ‘ऑरेंज अलर्ट’चं निमित्त करून आम्ही गाडीभाडं वाचवलं. रात्री वीज गेल्यावर खोलीत कोळशाची शेगडी मागितली, ती दिली नाही. परतीला उशिरा निघालो म्हणून शिमल्याचा मॉल रोड बुडाला. आणि शेवटी ‘असल्या भित्र्या लोकांबरोबर जाऊ नका’.

नातवंडांना बर्फात खेळवायचं म्हणून तुम्ही सहा महिने आधी बुकिंग केलं होतं, हे मला माहीत आहे. तुमच्याशी फोनवर मीच बोलले होते. त्यामुळे राग समजतो. पण सिस्सूला जाणं रद्द करण्याचा निर्णय टूर मॅनेजरचा नव्हता, माझा होता. त्यामुळे उत्तरही मीच देते.

आदल्या दिवशी दुपारी शिमल्याच्या हवामान केंद्राने कुलू आणि लाहौल-स्पितीच्या उंच भागासाठी दोन दिवसांचा नारिंगी इशारा दिला होता. चहाच्या वेळी तो सगळ्यांना वाचून दाखवला होता. हवामान खात्याचे रंग चार: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. तुम्ही लिहिलंय की नारिंगी म्हणजे काही लाल नव्हे. बरोबर आहे. पण अठ्ठावीस माणसं घेऊन डोंगरात असताना तयारीत राहायचं म्हणजे काय, तर बर्फ सुरू होईल तेव्हा आपण कुठे असू हे आधी ठरवून ठेवायचं. लाल इशारा येईपर्यंत वाट पाहिली तर ठरवण्यासारखं फारसं काही उरत नाही.

आता उन्हाबद्दल. हिवाळ्यात हिमाचलात बर्फ आणतात ते पश्चिमी झंझावात. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघून इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत ते हिमालयाला येऊन भिडतात. ते येणार हे दोन-तीन दिवस आधी बऱ्यापैकी खात्रीने कळतं. मनालीच्या वरच्या सोलंगला बर्फ अकराला पडायला लागेल की चारला, हे मात्र नेमकं सांगता येत नाही. म्हणून इशाऱ्याच्या दिवशी सकाळी ऊन असणं यात नवल काहीच नाही. तुम्ही मोबाइलवर सूर्याचं चित्र दाखवत होता ते मनाली गावाचं होतं. मनाली साधारण दोन हजार मीटरवर आहे, बोगद्याचं दक्षिणेकडचं तोंड ३,०६० मीटरवर. पंचवीसेक किलोमीटरमध्ये रस्ता हजार मीटर चढतो आणि तापमान सहा-सात अंशांनी उतरतं. खाली पाऊस भुरभुरत असतो तेव्हा वर बर्फ साचत असतो. बोगद्यातून पलीकडे निघालं की लाहौल, तिथलं हवामान आणखी निराळं.

अटल बोगदा सुरक्षित आहे, त्याबद्दल मला शंका नाही. ३ ऑक्टोबर २०२० ला तो सुरू झाला, ९.०२ किलोमीटर लांबीचा, आणि त्यामुळे ३,९७८ मीटरवरच्या रोहतांग खिंडीतून जावं लागत नाही. लाहौलच्या लोकांचा हिवाळाच त्याने बदलला. पण बर्फाच्या दिवशी अडचण बोगद्यात नसते, त्याच्या दोन्ही तोंडांबाहेर असते. दक्षिणेकडच्या तोंडाजवळच्या धुंदीपासून सोलंग नाल्यापर्यंतचा उतार हा खरा प्रश्न. ताजा पडलेला बर्फ तसा बरा, टायर त्यात रुततो, पकड मिळते. घात होतो तो नंतर. शेकडो गाड्या त्याच बर्फावरून जातात, तो दाबला जातो, वरचा थर थोडा वितळतो. दुपार कलली की अरुंद दरीत सावली येते आणि तेच पाणी गोठतं. मग गाडी पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने उतरत असली तरी ब्रेक लावल्यावर चाकं थांबतात, गाडी थांबत नाही. स्टिअरिंग डोंगराकडे वळवलेलं असतं आणि गाडी शांतपणे कठड्याकडे सरकत राहते. आत बसलेला माणूस घाबरून उतरायला जातो, त्याचाही पाय टिकत नाही, आणि मागून दुसरी गाडी तशीच घसरत येत असते.

आमच्या दोन्ही टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बर्फात पकड मिळावी म्हणून चाकांना बांधायच्या चेन होत्या, चालक मंडीचे, बर्फात गाडी चालवणारे. तरी मी नाही म्हटलं, कारण रस्त्यावर आपण एकटे नसतो. समोर दिल्लीहून आलेली, चेन नसलेली एक छोटी कार आडवी झाली की मागच्या सगळ्यांचा रस्ता बंद. आपल्या गाडीला कितीही चेन असोत, त्या कारवरून आपण उडून जाऊ शकत नाही.

हे मी मनाचं सांगत नाही. २०२४ च्या नाताळच्या आठवड्यात, २७ डिसेंबरला, सोलंग नाल्याला सुमारे एक हजार गाड्या अडकल्या होत्या आणि त्यांतले जवळजवळ पाच हजार पर्यटक कुलू पोलिसांनी बाहेर काढले. त्याच्या तीन-चार दिवस आधीही सोलंग ते बोगदा या पट्ट्यात अशीच रांग लागली होती. त्या बातम्या मराठी वाहिन्यांवरही होत्या. सकाळी यातल्या कोणालाही रस्ता बंद मिळाला नव्हता. वर बर्फ सुरू झाला की पोलीस मनालीजवळच्या नेहरू कुंड किंवा सोलंगपाशी गाड्या थांबवतात, पुढे फक्त फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या गाड्या सोडतात. पण तोवर जे वर गेले ते वर असतातच. ‘रस्ता उघडा होता’ हे सकाळी नऊचं वाक्य आहे सर, आणि मला विचार करायचा होता तो संध्याकाळी पाचचा.

शेजारच्या हॉटेलातले लोक गेले, आणि त्यांतले काही दुपारी दोनच्या आत मजेत परतलेही. ते मी नाकारत नाही. उशिरा निघालेले काही रात्री उशिरा आले. त्या दिवशी कोणाला काही झालं नाही याचा मला आनंदच आहे. पण त्यांतले कितीतरी स्वतःच्या गाडीने आलेले चौघं-पाचजण होते. आपल्या गटात दोन वर्षांचं बाळ होतं, सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा होते, वेळेवर खावं आणि औषध घ्यावं लागणारी माणसं होती. यांना शून्याखालच्या थंडीत, स्वच्छतागृहाशिवाय, सात-आठ तास गाडीत बसवून ठेवण्याची शक्यता मला दिसत असताना मी गाडी सोडणार नाही. उद्याही नाही.

शेगडीबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण तुमच्या अभिप्रायातलं तेच वाक्य वाचून मला सगळ्यात काळजी वाटली. तुम्ही लिहिलंय, ‘थंडीने कुडकुडत होतो, साधी शेगडीसुद्धा दिली नाही.’ बंद खोलीत पेटता कोळसा ठेवला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं जड होतं, झोप येते, आणि थकव्याने झोप आली असं वाटतं. उत्तर भारतात दर हिवाळ्यात अशा खोल्यांमधून माणसं सकाळी उठत नाहीत. तिकडच्या घरांत लाकडाचा लोखंडी तंदूर असतो, पण त्याचं धुराडं छपराबाहेर काढलेलं असतं, म्हणून ते लोक त्याच्याभोवती निर्धास्त बसतात. हॉटेलच्या मुलांनी तुम्हाला जादा रजया आणि गरम पाण्याच्या पिशव्या दिल्या, खालच्या हॉलमध्ये तंदूर पेटवून तिथे बसायला बोलावलं. त्यांनी शेगडी नाकारली ती माझ्या सांगण्यावरून, आणि त्या मुलांना कृपया दोष देऊ नका.

हाच वायू अडकलेल्या गाडीतही मारतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फ बघायला गेलेल्यांच्या गाड्या रात्रभर हिमवादळात अडकल्या. वीसहून जास्त माणसं गेली, त्यांत लहान मुलं होती. काच बंद, हीटर चालू, आणि बाहेर सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलेलं, की धूर परत आत येतो. मरीची उंची मनालीपेक्षा फार वेगळी नाही. तीही आपल्यासारखीच सुट्टीला निघालेली कुटुंबं होती. म्हणून आमच्या प्रत्येक चालकाला सक्त सूचना आहे: बर्फात गाडी अडकली तर इंजिन सतत चालू ठेवायचं नाही, चालू करण्याआधी खाली उतरून सायलेन्सर हाताने मोकळा करायचा, आणि एक काच बोटभर उघडी ठेवायची. हिमाचलात स्वतःच्या गाडीने जाणाऱ्या कोणीही हे वाचत असेल, त्यांनीही एवढं लक्षात ठेवावं.

परतीच्या दिवशी पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं आणि आपण साडेदहाला निघालो. रात्री आभाळ मोकळं झालं होतं. आभाळ मोकळं म्हणजे जमीन जास्त गार, आणि ओला रस्ता पहाटे काळ्या डांबरावर दिसणारसुद्धा नाही अशा पातळ बर्फाने झाकला जातो. गाडीच्या दिव्यात तो नुसता ओलावा वाटतो. ऊन रस्त्यावर येईपर्यंत थांबणं एवढाच त्यावरचा उपाय. पुढे औट ते मंडी या टप्प्यात पाऊस-बर्फानंतर वरून दगड सुटतात, तिथेही चालकांनी दोनदा थांबून मग गाड्या काढल्या. शिमल्याला पोचायला रात्र झाली, मॉल रोड बघून झाला नाही, हे खरं. चंदीगडचं विमान मात्र कोणाचंही चुकलं नाही.

पैशांचं. सिस्सूसाठी ठरवलेल्या स्थानिक फोर बाय फोर गाड्यांचं भाडं आम्ही गाडीवाल्यांना दिलं नव्हतं, आणि ते आमच्याकडे ठेवण्याचाही प्रश्न येत नाही. ती रक्कम माणशी हिशेबाने सगळ्या गटाला परत केली आहे. तुम्ही बुकिंग मेव्हण्यांच्या खात्यातून केलं होतं, त्यामुळे तुमच्या चौघांचे पैसे तिथे गेले आहेत. त्यांना एकदा विचारून घ्या, पावती मी तुम्हाला पुन्हा पाठवते. हॉटेलच्या दोन रात्री आणि जेवण वापरात आलेलं आहे, त्याचे पैसे परत देता येत नाहीत. बुकिंगच्या अर्जावर हवामानाबद्दलचं कलम मराठीत, पहिल्याच पानावर आहे.

जेवणाचं कौतुक केलंत, ते आमच्या आचाऱ्यांना वाचून दाखवलं. वीज गेलेली असताना बॅटरीच्या उजेडात त्यांनी पिठलं-भात केला होता, त्यांना फार बरं वाटलं.

तुमच्या पुतण्याचं फेब्रुवारीच्या सहलीचं बुकिंग आमच्याकडे आहे आणि ते रद्द करायला तुम्ही त्यांना सांगितलंय, असं लिहिलं आहे. फेब्रुवारीतही पश्चिमी झंझावात येतातच, आणि इशारा आला तर आम्ही त्या दिवशीही थांबू. हे त्यांना पटत नसेल तर या महिन्याच्या अखेरीपर्यंत त्यांनी कार्यालयात नुसता फोन करावा. विमानाची तिकिटं अजून काढलेली नाहीत, पूर्ण रक्कम परत मिळेल.